शब्दांची आवक

2023 च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. चिपळूणहून मामेबहिणीचा फोन आला. ती गेली काही वर्षे मोदकाची पिठी करून विकते. आंबेमोहोर तांदूळ धुवायचा, सावलीत सुकवायचा, बारीक दळायचा, वस्त्रगाळ करायचा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून पुण्या-मुंबईला पाठवायच्या. जाहिरात इंटरनेटवर, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. "दादा, यंदा काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी याच आठवड्यात 'उकडीचे मोदक'ची रेघ सरळ वर चढत होती. यंदा जमिनीला टेकलीय. लोकांनी घरी मोदक करायचं सोडलं की काय? तांदूळ धुवायला काढायचा होता, तो थांबवू का?"

ती रेघ पाहायला तिला मीच शिकवले होते. लोक काय शोधतात यावरून काय विकावे, कोणत्या शब्दावर जाहिरात लावावी, हे सांगणे हा माझा व्यवसाय. मी गूगल ट्रेंड्स उघडले. प्रदेश महाराष्ट्र, काळ पाच वर्षे. तिचे म्हणणे खरे होते. 2022 च्या ऑगस्टअखेर शिखर, 2023 च्या ऑगस्टअखेर सपाटी. थोडे थांबलेले बरे, असे मी तिला सांगूनही टाकले. तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला, "अगं, यंदा अधिक श्रावण झाला ना! गणपती एकोणीस सप्टेंबरला आहेत. आत्तापासून कोण मोदक शोधतंय?"

2022 साली गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती. 2023 मध्ये 18 जुलै ते 16 ऑगस्ट असा अधिक श्रावण आला आणि चतुर्थी 19 सप्टेंबरवर गेली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून सण दरवर्षी थोडे अलीकडे सरकतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही ती रेघ समोर आली आणि मी ते विसरलो. आलेखाखाली इंग्रजी महिने छापलेले होते, आणि मी त्या महिन्यांवर भरवसा ठेवला. मोदकाचा शोध घेणारी बाई मात्र भाद्रपदात जगत होती.

तेव्हापासून मी सणांच्या शब्दांचे आलेख तारखांनी वाचायचे सोडले. चतुर्थी हा शून्य दिवस धरतो आणि तिच्या आधीचे आठवडे उलटे मोजतो. तसे मोजले की वेगवेगळ्या वर्षांच्या रेघा एकमेकींवर बसायला लागतात आणि आधी 'वाढ' किंवा 'घट' वाटणारे बरेचसे चढउतार विरून जातात. जे उरते, ते पाहण्यासारखे असते.

गूगल ट्रेंड्स हे साधन 2006 सालचे. त्यातली आकडेवारी 2004 पासूनची मिळते. बाजार समितीत कांद्याची आवक क्विंटलमध्ये मोजतात. लासलगावला आज किती माल आला ते कोणीही विचारून घेऊ शकतो. शब्दांची आवक अशी वजनात कळत नाही. त्या प्रदेशात त्या काळात जेवढे शोध झाले, त्यांत या शब्दाचा वाटा किती, एवढेच काढले जाते, आणि तेही सगळ्या शोधांवरून नाही, नमुन्यावरून. मग निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा वाटा 100 धरायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या प्रमाणात मांडायचे. म्हणजे 100 या आकड्यामागे दहा लाख माणसे असतील किंवा दहा हजार, आलेख तेवढाच उंच दिसतो. शोधणारे वाढले तरी इतर विषयांचे शोध त्याहून वेगाने वाढले, तर रेघ खाली जाते. नवशिके इथेच फसतात. 2004 पासून आजपर्यंतची उतरती रेघ पाहून एखादा विषय मेला असे ते ठरवतात. 2004 साली महाराष्ट्रात शोध घेणारा माणूस कोण होता? ऑफिसात किंवा सायबर कॅफेत बसलेला, इंग्रजीत टाइप करणारा. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि गावोगावची माणसे आत आली. वाटा ज्यातून काढायचा ती रासच बदलली. त्या दोन टोकांना एका रेघेने जोडले, तरी ती एकाच समाजाची गोष्ट सांगत नाही.

आलेखाच्या खाली दोन याद्या असतात. एक सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांची, दुसरी चढत्या शब्दांची. पहिली यादी बहुधा कंटाळवाणी असते आणि म्हणून विश्वासाची. धंद्यातल्या लोकांचे डोळे दुसऱ्या यादीवर खिळलेले असतात. तिथे प्रत्येक शब्दापुढे वाढीचा शेकडा लिहिलेला असतो आणि वाढ 5000 टक्क्यांच्या पलीकडे गेली की आकडा जाऊन 'ब्रेकआउट' हा शब्द येतो. त्या शब्दाने मी लोकांच्या झोपा उडालेल्या पाहिल्या आहेत. काल दोन माणसांनी विचारलेली गोष्ट आज दीडशे माणसांनी विचारली, तरी तो ब्रेकआउटच. शेकड्याला पाया लागतो आणि पाया किती रुंद आहे ते ही यादी सांगत नाही. त्यासाठी कीवर्ड प्लॅनरसारख्या दुसऱ्या साधनातला, महिन्याला किती शोध होतात याचा अंदाज शेजारी ठेवावा लागतो.

चढता शब्द ओळखणे फार अवघड नाही. तो कशाने चढतो आहे, हे ओळखायला आयुष्य पुरत नाही. 2020 साली भारतात 'कसे करावे' या प्रकारच्या शोधांची जी वार्षिक यादी गूगलने दिली, तिच्यात पनीर होते, रोगप्रतिकारशक्ती होती आणि डालगोना कॉफीही होती. तिन्ही शब्द एकाच कुलूपबंद वर्षात वर आले. पण पनीर बाहेर मिळेना किंवा बाहेरचे नकोसे झाले म्हणून लोक घरी करायला शिकत होते, आणि शिकलेला हात ते विसरत नाही. प्रतिकारशक्तीमागे भीती होती. कॉफी फेसण्यामागे मोकळा वेळ होता आणि शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करावे ही हौस. यादीत ते शेजारी शेजारी उभे असले, तरी एकाला गरजेने आणले, दुसऱ्याला धास्तीने, तिसऱ्याला नवलाने. त्या तिघांना एकाच मापाने मोजून माल भरणारा व्यापारी तिसऱ्यापाशी बुडतो.

या विद्येचा सर्वांत मोठा धडा बाजारातून आला नाही, आरोग्यातून आला. नोव्हेंबर 2008 मध्ये गूगलने फ्लू ट्रेंड्स सुरू केले. कल्पना मोहक होती. माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जाण्याआधी शोध घेतो. मग शोधांवरून साथ आधीच ओळखता यावी. अमेरिकेतल्या 5 कोटी शोधशब्दांतून, सरकारी आकड्यांशी ज्यांचा मेळ चांगला बसतो असे 45 शब्द निवडले आणि त्यांवर गणित उभे केले. फेब्रुवारी 2009 मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. सरकारी अहवालाला एक-दोन आठवडे लागत, हे गणित एका दिवसात उत्तर देई. जगाला वाटले, आता ताप चढायच्या आधी कळेल.

पण 2009 सालीच स्वाइन फ्लूची पहिली लाट त्या गणिताला नीट दिसली नाही. ती हिवाळ्यात आली नव्हती, वसंतात आली होती. पुढे गणित दुरुस्त केले, तर ते उलट्या बाजूला कलले. 2012-13 च्या हिवाळ्यात त्याने सांगितलेले प्रमाण सरकारी आकड्याच्या दुपटीहून अधिक निघाले. मार्च 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये चार अभ्यासकांनी दाखवले, की ऑगस्ट 2011 पासूनच्या 108 आठवड्यांपैकी 100 आठवडे अंदाज चढाच होता. 2015 मध्ये ते बंद झाले.

त्या गोष्टीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. शब्द निवडताना फ्लूशी उत्तम मेळ बसणाऱ्यांत शालेय बास्केटबॉलही आला होता. अमेरिकेत बास्केटबॉलचा मोसम हिवाळ्यात आणि फ्लूही हिवाळ्यात. दोन्ही रेघा हातात हात घालून चढत, उतरत. संशोधकांनी तो शब्द काढून टाकला, कारण तो उघडच वेगळा होता. प्रश्न उरतो तो उघड न दिसणाऱ्यांचा. फ्लूचे वाटणारे, पण खरे तर केवळ हिवाळ्याचे असणारे शब्द चाळणीतून खाली गेले असतील, तर त्यांना कसे ओळखायचे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असे आपण म्हणतो. इथे 5 कोटी कावळे होते. इतके कावळे बसले की फांदी मोडायच्या वेळी कोणता ना कोणता सापडतोच. बातम्यांत साथीची चर्चा वाढली की निरोगी माणसेही फ्लू शोधू लागतात, हेही तिथे झाले असू शकते, असे 'सायन्स'मधल्या त्या अभ्यासकांना वाटले. शिवाय शोधयंत्र स्वतःच शब्द सुचवते. सुचवलेल्या शब्दावर बोट पडते आणि ते बोट पुढे आकड्यात मोजले जाते.

आमच्या धंद्यात हे रोज घडते. एखादा शब्द चढला की पन्नास एजन्सीतले लोक तो शोधून पाहतात, त्यावर मजकूर लिहितात, मजकुराची जाहिरात करतात, जाहिरात पाहून आणखी लोक शोधतात. आठवड्याने आलेख दाखवून सांगितले जाते, बघा, मागणी आहे. यातली मागणी किती आणि आमचाच पायरव किती, हे वेगळे करून दाखवणारे एकही साधन माझ्या पाहण्यात नाही. मी एकच करतो. बातमी निवण्याची वाट पाहतो. खरी गरज असेल तर गाजावाजा ओसरल्यावरही शब्द पूर्वीच्या पातळीवर परत जात नाही, थोडा वर कुठेतरी ठरतो. ते 'थोडा वर' हाच कामाचा आकडा.

अशी वाट पाहायला लावणारी एक जुनी गोष्ट आहे. प्रश्नोपनिषदात सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. त्यांतला एक भार्गव वैदर्भी, म्हणजे विदर्भातला. पिप्पलाद त्यांना लगेच उत्तर देत नाहीत. एक वर्ष इथे राहा, तप करा, मग हवे ते विचारा. आम्हाला ठाऊक असेल तर सगळे सांगू, असे म्हणतात. मला त्या वर्षाचे फार अप्रूप वाटते. वर्षभरात बरेच प्रश्न गळून गेले असतील. जे सहा उरले ते टिकाऊ होते. वैदर्भीचा प्रश्न हा, की या देहाला किती देव धारण करतात आणि त्यांत श्रेष्ठ कोण. शिवाय त्या वर्षात सगळे ऋतू येऊन जातात. हिवाळ्यातला प्रश्न हिवाळ्याचा होता की आपला, हे माणसाला कळायला एक हिवाळा पुन्हा यावा लागतो. शेवटी, 'ठाऊक असेल तर' ही अट ऋषीने स्वतःवर घातली आहे. मी ज्या धंद्यात आहे, तिथे थांबण्याची आणि या अटीची, दोन्हींची तूट आहे.

ती अट मोडल्यावर काय होते, हे अमेरिकेत एकदा मोठ्या प्रमाणावर दिसले. डिमांड मीडिया नावाची कंपनी लोकांचे शोध आणि जाहिरातींचे भाव पाहून यंत्राकडून लेखांचे मथळे ठरवून घेई. मथळे लेखकांना वाटले जात, एका लेखाचे साधारण 15 डॉलर. लिहिणाऱ्याला विषय ठाऊक असलाच पाहिजे असे नव्हते. प्रश्न खरे होते, वाचणारे खरे होते, उत्तर मात्र पोकळ. जानेवारी 2011 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि पुढच्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणून असा मजकूर खाली ढकलायला सुरुवात केली.

मराठीत तो रोग उशिरा आला आणि अजून बरा झालेला नाही. गणेश चतुर्थीची तारीख शोधा. तारीख हवी असते एका ओळीची. तिच्याआधी सहा परिच्छेद, सणाचे महत्त्व, पुन्हा महत्त्व, मध्ये जाहिराती. व्यवसायाच्या सुरुवातीला एका कंपनीसाठी मीही असे शेकडो परिच्छेद लिहिले आहेत. शब्द यादीतून यायचा आणि तो मथळ्यात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा, मध्ये तीनदा पेरायचा. वाचणाऱ्याला काय हवे आहे, हा विचार कधी कोणी मांडला नाही, मीही नाही. त्याची मला आज लाज वाटते. मराठीत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आधीच कमी उत्तरे मिळतात. त्यातली अर्धी अशी निघाली, तर तो पुढच्या वेळी इंग्रजीत विचारतो, किंवा इंग्रजी येत नसेल तर विचारायचेच सोडतो. भाषा अशीही मागे पडते.

खरे तर मराठी शब्दांचा माग काढणे हे फार रसाळ काम आहे. ट्रेंड्समध्ये शब्द टाकला तर तोच शब्द मोजला जातो. वेगळे शुद्धलेखन, समानार्थी शब्द, वेगळी लिपी, यांतले काहीही आपोआप त्यात येत नाही. 'उकडीचे मोदक' देवनागरीत लिहिणारे वेगळे आणि तेच रोमन अक्षरांत लिहिणारे वेगळे मोजले जातात. दोन्हींत अधिकचे चिन्ह टाकले तरच बेरीज होते. नुसते 'मोदक' टाकले तर हिंदीत शोधणाराही त्यात येतो. पण 'उकडीचे' म्हटले की विचारणारा मराठी, यात शंका राहत नाही. एक प्रत्यय माणसाची ओळख पटवतो. 'पिठी' लिहिणाऱ्या घरात बहुधा मोदक होत आलेले असतात, 'तांदळाचे पीठ' लिहिणारा पहिल्यांदाच करतो आहे असे मला अनुभवाने वाटते. 'कृती' शोधणारे थोडे, 'रेसिपी' शोधणारे पुष्कळ. कोकणातला माणूस उकडीचे शोधतो, विदर्भातल्या घरात मोदक म्हणजे कित्येकदा तळणीचे. मोल्सवर्थने 1831 च्या कोशासाठी पंडितांकरवी लोकांच्या तोंडचे शब्द वेचले, तेव्हा शब्दाबरोबर तो कुठला आणि कोणाच्या तोंडचा, हेही पाहावे लागे. कीवर्ड वेचणाऱ्याने ती शिस्त उचलावी. मुंबईच्या ऑफिसात बसून 'मोदक' या एका शब्दावर पैसे लावणे म्हणजे चार वेगवेगळ्या स्वयंपाकघरांना एकच पिशवी पाठवणे.

आणि या यादीत माणसे असतात, याचा विसर पडू नये. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे 2 कोटी शोध खुले केले. नावांच्या जागी नुसते क्रमांक होते. तरी वर्तमानपत्राचे बातमीदार एका क्रमांकाच्या शोधांचा माग काढत थेट त्या बाईच्या दारापर्यंत पोहोचले. माणूस शोधाच्या चौकटीत जे लिहितो ते तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. आजार, कर्ज, मूल न होणे, नवऱ्याचे दारू पिणे. ट्रेंड्समध्ये फार थोड्यांनी शोधलेला शब्द शून्य दिसतो, याची व्यापाऱ्याला चुटपुट लागते. मला त्या शून्याचा आधार वाटतो. काही प्रश्न मोजले न गेलेलेच बरे. भीतीने चढलेल्या शब्दावर जाहिरात लावायचे काम आले की मी आता एवढेच विचारतो, की या माणसाला आपल्यापाशी खरोखर काही आहे का. नसेल तर तो शब्द सोडून देतो. त्यापायी दोन कामे गेली आहेत.

मामेबहिणीने त्या वर्षी, 2023 साली, तांदूळ धुतला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेघ उठली, दुसऱ्यात उभी झाली. त्या दिवसांत आम्ही दोघे फोनवर चढत्या शोधांची यादी वाचत बसायचो. 'मोदक का फुटतात', 'उकड चिकट झाली तर', 'थंड झालेली उकड', अशी वाक्ये त्यात दिसू लागली. ती म्हणाली, "ही बाई ओट्यापाशी उभी आहे, दादा. हात पिठाचे आहेत आणि एका बोटाने टाइप करतेय." त्यानंतर तिने जाहिरातीचा मजकूर बदलला. शुद्ध, पारंपरिक, घरगुती हे सगळे शब्द काढले. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात छापून घेतले, की उकड गरम असतानाच हाताला तेल-पाणी लावून मळा. चिरा पडल्या तर कोमट पाण्याचा हबका मारून पुन्हा मळा. सारण ओले ठेवू नका. मोदक चाळणीत ठेवण्याआधी एकदा पाण्यात बुडवून काढा. नव्या तांदळाची उकड चिकट होते, म्हणून आम्ही जुना वापरतो, हेही लिहिले. हे सगळे मामीने सांगितलेले, मामीला ठाऊक असलेले.

तिच्या दळणाच्या खोलीत भिंतीवर आता कालनिर्णय आहे आणि त्याच्या शेजारी चार वर्षांच्या रेघांचा एक कागद चिकटवलेला आहे, चतुर्थीला चतुर्थी जुळवून. 2024 ची 7 सप्टेंबर, 2025 ची 27 ऑगस्ट. कागदाच्या कडेला तिने पेन्सिलीने आधीच लिहून ठेवले आहे: 2026, अधिक ज्येष्ठ, गणपती 14 सप्टेंबर. आणि त्याखाली, जरा गिरवून, तांदूळ धुवायला काढायचा दिवस.